गावाकडच्या घरचं वाय-फाय लांबून कसं सांभाळायचं

अमळनेर घ्या, चोपडा घ्या, शिरपूर नाहीतर शहादा. आईवडील गावात आणि पोरं पुण्याला, नाशिकला नाहीतर सुरतेला, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. घरात फायबर आलंय, टीव्ही त्याच्यावर चालतो, कॅमेरे त्याच्यावर चालतात, नातवंडांचा व्हिडिओ कॉलही त्याच्यावरच. देखभाल मात्र अजून फोनवरून होते. "दादा, नेट बंद पडी गयं, लाल दिवा लागेल शे," असं तिकडून सांगतात आणि इकडे आपण न दिसणाऱ्या डब्याच्या न दिसणाऱ्या वायरी ओळखत बसतो.

यातलं बरंचसं काम आपल्या खोलीत बसून, घरच्या राउटरचं पान स्वतःच्या स्क्रीनवर उघडून करता येतं. अट एकच: तिथपर्यंत पोचायची वाट आधी, घरी असतानाच करून ठेवावी लागते. नेट बंद पडल्यावर ती लांबून करता येत नाही. म्हणून पुढचं सगळं आखाजीला किंवा दिवाळीला घरी जाल तेव्हासाठी वाचा, आणि त्या मुक्कामातली एक दुपार या कामाला काढून ठेवा. खर्च जवळजवळ नाहीच; एखादा जुना लॅपटॉप आणि एक लॅन केबल घरात असली की भागतं.

आधी डबे ओळखा

कंपनीचा माणूस भिंतीवर ठोकून जातो तो फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी. बऱ्याच घरांत वाय-फायही त्यातूनच येतं. काही ठिकाणी त्याच्यापुढे टीपी-लिंक, डी-लिंक असा वेगळा राउटर लावलेला असतो. घरच्यांच्या लेखी दोन्ही 'नेटचा डबा'च, आणि फोनवरचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. घरी गेल्यावर पहिलं काम: पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक १ आणि २ लिहून डब्यांवर लावा, आणि तेच आकडे त्यांच्या अडॅप्टरवरही. "आप्पा, दोन नंबरची पिन काढा, तीस मोजा, परत लावा," एवढं सांगितलं की समोरच्याला काही विचारावं लागत नाही.

फायबरच्या डब्यावर पॉवर, पॉन आणि एलओएस असे दिवे असतात. एलओएसचा दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. त्यावर राउटरमधलं कुठलंही सेटिंग चालत नाही, केबलवाल्यालाच फोन लावायचा. खांबाखांबावरून लोंबत आलेली केबल एखाद्या उंच भरलेल्या ट्रकने ओढली, रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली, नाहीतर घरात कपाट सरकवताना पिवळी वायर मुडपली, ही नेहमीची कारणं. त्या पिवळ्या वायरीत तांबं नसतं, काचेचा तंतू असतो. ती काटकोनात वाकवून खिळ्याला गुंडाळायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा. एलओएस विझलेला आहे आणि पॉनचा दिवा स्थिर आहे, तरच पुढचा खटाटोप कामाचा.

आणखी एक बारीक गोष्ट. डब्याच्या मागे टाचणीएवढ्या भोकात रीसेटचं बटण असतं. रीस्टार्ट आणि रीसेट हे शब्द फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि रीसेट दाबलं की राउटर कोरा होतो. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि तुमची लांबची वाटही तिथेच संपते. त्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका.

आतला पत्ता, बाहेरचा पत्ता

घरच्या वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं (आकडे इंग्रजीतच टाकायचे) की राउटरचं लॉगिनचं पान उघडतं. जिओच्या डब्याला बहुधा १९२.१६८.२९.१ असतं. नक्की कोणतं ते मोबाइलमध्ये वाय-फायच्या तपशिलात 'गेटवे' या ओळीत दिसतं. हा झाला आतला पत्ता. १९२.१६८ने सुरू होणारे सगळे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या मानकात ते ठरलं. लाखो घरांत तोच पत्ता असतो. म्हणून पुण्याच्या खोलीत बसून तो टाकला तर पुण्याच्या खोलीतलाच राउटर उघडतो, अमळनेरचा नाही.

बाहेरचा पत्ता राउटरच्या पानावर 'स्टेटस' किंवा 'इंटरनेट' या भागात 'वॅन आयपी' म्हणून दिसतो. तो कागदावर लिहून घ्या. मग घरच्याच वाय-फायवरून गुगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. उत्तरात अक्षरं आणि अपूर्णविरामांची लांबलचक माळ आली तर ती आयपीव्ही६. तुम्हाला चार आकड्यांचा आयपीव्ही४ पत्ता हवा, तो दाखवणारी दुसरी साइट उघडा. आता दोन्ही आकडे ताडून बघा.

सारखे निघाले तर तुमच्या घराला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता आहे. वेगळे निघाले तर मध्ये आणखी कोणीतरी बसलंय. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल, तर तो 'कोणीतरी' म्हणजे बहुधा भिंतीवरचा कंपनीचा डबा. राउटरमागे राउटर लागलाय. आणि १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या किंवा '१०.' (दहा आणि टिंब) ने सुरू होणाऱ्या आकड्यांत असेल, तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटच्या मागे ठेवलंय. आयपीव्ही४चे पत्ते अपुरे पडले म्हणून एका पब्लिक पत्त्यावर अनेक गिऱ्हाइकं चालवायची ही पद्धत; १००.६४चा पट्टा त्यासाठी २०१२ साली वेगळा काढला गेला. अख्ख्या वाड्याला एकच दार आणि दारावर कुणाचीच पाटी नाही, तसं हे आहे. आतून बाहेर सगळे जाऊ शकतात, पण बाहेरून आलेल्याला तुमचं बिऱ्हाड कुठलं ते कळत नाही.

हे आधी तपासायचं कारण, नेटवरचे बहुतेक व्हिडिओ 'पोर्ट फॉरवर्डिंग करा, डीडीएनएस लावा' इथून सुरू होतात. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून आलेल्याला राउटरमधून आत सोडणं, डीडीएनएस म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणं; सीजीनॅटच्या मागे ते दोन्ही निरुपयोगी आहेत. सगळं बरोबर भरूनही बाहेरून पान उघडणार नाही. तालुक्याच्या गावातल्या कनेक्शनांना अनेकदा सीजीनॅटच असतं. जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी मिळतो, पण घरच्या राउटरसाठी तो खर्च करावा असं मला वाटत नाही.

कुठल्या वाटेने जायचं

सगळ्यात सोपी वाट कंपनीच्या ॲपची. टीपी-लिंकचं टेदर, नेटगिअरचं नाइटहॉक. राउटर क्लाउडची सोय असलेला असेल तर ॲपमध्ये खातं काढून त्याला राउटर जोडायचा, मग मोबाइल डेटावरूनही तो दिसतो. राउटर स्वतः आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. कोण कोण जोडलंय ते बघणं, वाय-फायचं नाव-पासवर्ड बदलणं, गेस्ट नेटवर्क लावणं, रीस्टार्ट करणं एवढं होतं. कित्येक घरांना एवढंच पुरतं. मात्र स्वस्तातल्या आणि जुन्या मॉडेलांत क्लाउड नसतो. तिथे तेच ॲप फक्त घरच्या वाय-फायवर असताना चालतं. घरी असतानाच मोबाइलचं वाय-फाय बंद करून, डेटावर ॲप उघडून बघा. उघडलं तर उघडलं.

दुसरी वाट, आणि माझी शिफारस हिचीच: घरात एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा आणि लांबून त्याच्यात शिरून त्याच्यातला ब्राउझर वापरायचा. राउटरला वाटतं घरातलंच कुणी आलंय. प्रत्येक कंपनीच्या, प्रत्येक मॉडेलच्या डब्यावर ही युक्ती चालते, राउटरमध्ये काहीही उघडं ठेवावं लागत नाही, आणि सीजीनॅटचा संबंधच येत नाही.

तिसरी वाट व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटमधून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणाऱ्या बंदिस्त बोगद्याची. पब्लिक आयपी असेल आणि राउटरमध्ये वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन (व्हीपीएनचे दोन प्रकार) सर्व्हर असेल, तर ही उत्तम. राउटरमध्ये सर्व्हर चालू करायचा, मोबाइलसाठी फाइल तयार करायची, ती मोबाइलच्या ॲपमध्ये घालायची. पत्ता बदलता असेल तर राउटरमधलाच डीडीएनएस लावायचा. पब्लिक आयपी नसेल तर टेलस्केलसारखी सोय आहे. तिच्या पोटात वायरगार्डच आहे, आणि घरचा लॅपटॉप 'सबनेट राउटर' केला की घरचं सगळं नेटवर्क बाहेरून दिसतं. यात दोन खाचा आहेत. पुण्याची खोली आणि गावचं घर, दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर व्हीपीएन लागूनही राउटरचं पान उघडत नाही, कारण तुमचा फोन जवळचाच पत्ता धरतो. घरी असताना गावच्या राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.५७.१ असा काहीतरी आडवळणाचा करून या. आणि टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राची किल्ली ठरावीक मुदतीने बाद होते, न बदलल्यास १८० दिवसांनी; घरच्या यंत्रापुरती ही मुदत त्याच्या कन्सोलमध्ये बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी ऐन गरजेच्या दिवशी वाट बंद मिळेल.

चौथी वाट राउटरमध्येच असते, 'रिमोट मॅनेजमेंट' नावाने. ती चालू केली की राउटरचं लॉगिनचं पान थेट इंटरनेटवर येतं. टीपी-लिंकच्या जुन्या मॉडेलांत तिथे पत्त्याची चौकट असते: ०.०.०.० म्हणजे बंद, २५५.२५५.२५५.२५५ म्हणजे जगातल्या कुणालाही खुलं. ती ०.०.०.० वरच ठेवा. असे उघडे डबे शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर त्यांच्या मूळ, न बदललेल्या पासवर्डवर हजारोंनी ताब्यात घेतले होते. २०१७च्या जुलैत आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवरही असाच हल्ला झाला. मूळ 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' पासवर्ड तसाच असलेले मोडेम त्यात सापडले आणि गिऱ्हाइकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं.

घरच्या लॅपटॉपची मांडणी

कपाटात पडलेला जुना लॅपटॉप चालतो, कीबोर्डची चार बटणं मेलेली असली तरी. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो नको. आपल्या मे महिन्यात ती कपाटात ठेवायचीसुद्धा वस्तू नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा त्याच्यावर विंडोज ११ चढत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका, किंवा विंडोज १०च ठेवायचं तर त्याच्यावर बँकेचं, मेलचं काहीही ठेवू नका. त्याचं काम राउटरचं पान उघडणं, एवढंच. पुढचं मी विंडोज धरून सांगतो.

लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, वाय-फायने नाही. हे कंटाळून टाळू नका. लांबून वाय-फायचा पासवर्ड बदललात आणि लॅपटॉपच वाय-फायवर असला, तर 'सेव्ह' दाबल्या क्षणी तो बाहेर फेकला जातो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच.

विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून आत येऊ देणारा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप चालत नाही, म्हणून क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरू. लॅपटॉपवर क्रोम उघडून गुगल खात्याने आत जा. हे खातं रोजचं नको, या कामासाठी वेगळं काढा आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. गुगलवर 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' शोधून 'रिमोट ॲक्सेस'च्या पानावर या, सांगेल ते इन्स्टॉल करा, 'टर्न ऑन' दाबा, यंत्राला नाव द्या (मराठीत दिलं तरी चालतं, 'अमळनेर घर'), आणि किमान सहा आकडी पिन घाला. जन्मतारीख नको. मग आपल्या मोबाइलमध्ये याच खात्याने तेच उघडलं की 'अमळनेर घर' यादीत दिसतं.

आता लॅपटॉप झोपू नये याची तजवीज. सेटिंगमध्ये 'पॉवर' मधली स्लीपची वेळ 'नेव्हर' करा, चार्जरवरही आणि बॅटरीवरही. लोक पहिलीच बदलतात. मग लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, थोड्या वेळाने झोपतो, आणि लाइट आल्यावर त्याला उठवणारं कुणी नसतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं तेही दोन्हीकडे 'डू नथिंग' ठेवा. बॅटरी अगदीच संपलेली असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) डोकवा. काही डेल आणि थिंकपॅड लॅपटॉपमध्ये चार्जरला वीज आली की आपोआप सुरू होण्याची सोय असते. सुरू झाल्यावर लॉगिन न करताही क्रोम रिमोट डेस्कटॉपने आत जाता येतं, त्यामुळे विंडोजचा पासवर्ड काढून टाकायची गरज नाही.

राउटरच्या पानावर तीन गोष्टी याच दिवशी करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता, बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. आणि 'बॅकअप' मध्ये जाऊन सगळ्या सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या, स्वतःला मेलही करा. इंटरनेटच्या पानावर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने नेट जोडायची पद्धत) लिहिलेलं असेल तर त्याचं युजरनेम लिहून घ्या. पासवर्ड टिंबांत दिसतो, तो कंपनीला विचारून कागदावर आणा. रीसेट झालाच तर हा कागद नसल्यामुळे अख्खं घर दोन-दोन दिवस नेटविना बसतं.

मग तालीम. मोबाइलचं वाय-फाय बंद करा, ओट्यावर जाऊन बसा, डेटावरून लॅपटॉपमध्ये शिरा, त्याच्यातल्या क्रोममध्ये राउटरचं पान उघडा. जमलं? आता घरात जाऊन मेन स्विचच पाडा. पाच मिनिटं थांबा, चढवा, आणखी पाच मिनिटं थांबा, कशालाही हात न लावता परत ओट्यावरून आत जाऊन बघा. ही दुसरी तालीम खरी. तिच्यात नापास झालेली मांडणी गाव सोडायच्या आत दुरुस्त करा.

लांबून काय बदलायचं, कसं बदलायचं

सुरुवातीला घरी फोन करून सांगा की पाच मिनिटं नेट जाईल-येईल. कुणाचा तरी मोबाइल डेटावर असू द्या, म्हणजे बोलणं तुटत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, सेव्ह करायचा, राउटर परत येईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि लॅपटॉपमध्ये पुन्हा शिरून नीट झालं का बघायचं. चार बदल एकदम केले आणि नेट गेलं तर कोणत्याने गेलं ते कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं ते पासवर्डचं. लग्नसराईत, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे येतात, पोरं पासवर्ड मागतात, आणि महिन्याभरात तो अर्ध्या गल्लीच्या फोनमध्ये असतो. मुख्य पासवर्ड बदलायला जाऊ नका. टीव्ही, कॅमेरे, आप्पांचा फोन, सगळ्यांवर तो नव्याने टाकावा लागतो, आणि टीव्हीच्या रिमोटने इंग्रजी पासवर्ड टाकणं हे वडीलधाऱ्यांच्या सहनशीलतेची परीक्षा बघणारं काम आहे. त्यापेक्षा गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याला सोपं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. पाहुणे गेले की लांबून ते बंद. मुख्य पासवर्ड बाहेर गेलेलाच असेल आणि बदलणं भागच असेल, तर घरी शिकलेलं कुणीतरी असेल त्या रविवारी बदला. आणि राउटरच नवा घ्याल तेव्हा त्याला जुन्याचंच नाव, जुनाच पासवर्ड, अक्षर न् अक्षर तसाच द्या. बहुतेक यंत्रं आपणहून जोडली जातात.

'मागच्या खोलीत येत नाही' ही दुसरी तक्रार. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाडजूड भिंती असतात आणि ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल त्यांतून फारसा जात नाही. मागच्या खोलीतल्या टीव्हीला २.४ गिगाहर्ट्‌झवर बसवा. त्यातही चॅनल 'ऑटो' सोडून १, ६ किंवा ११ यांपैकी एक धरा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. शेजारचे राउटर कोणत्यावर आहेत ते मोबाइलवरच्या एखाद्या वाय-फाय ॲनलायझर ॲपने घरी असताना बघून ठेवलेलं असलं की निवड सोपी. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. हे सगळं लांबून होतं. तरीही येत नसेल तर सेटिंगचा दोष नाही, भिंतीचा आहे; लॅन केबल ओढून मागे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा लावायचा.

काही राउटरांत ठरावीक वेळी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय असते. पहाटे चारची वेळ लावा, पण आधी राउटरचं घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे अधिक ५:३० वर आहे का ते बघा. नाहीतर ऐन मॅचच्या वेळी राउटर डुलकी काढतो. रीस्टार्टसाठी वाय-फायचा स्मार्ट प्लग आणायचा विचार बऱ्याच जणांना सुचतो. त्याने राउटर बंद होतो खरा, पण राउटर बंद म्हणजे प्लगचंही नेट बंद; चालू करायचा निरोप त्याला पोचणार कसा?

लांबून ज्याला हात लावू नये अशा गोष्टी: वॅनचा प्रकार, पीपीपीओईचं युजरनेम, व्हीलॅनचा आकडा (कंपनीच्या लाइनसाठी भरलेला), राउटरचा आतला पत्ता, डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय). यातलं काहीही चुकलं तर परतीची वाट नाही. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट सुरक्षेसाठी गरजेचं आहे, पण ते चालू असताना लाइट गेली तर डब्याची वीट होते, तो सुरूच होत नाही. भारनियमनाच्या गावात ते घरी गेल्यावर, इन्व्हर्टर भरलेला असताना करा.

वीज आणि ऊन

लांबून सांभाळायचं तर आधी डबा जिवंत राहायला हवा. घरी इन्व्हर्टर असेल तर बहुतेकदा पंखे-दिवे त्याच्यावर असतात आणि राउटरचा सॉकेट मात्र नसतो. इलेक्ट्रिशियनकडून तो त्या लाइनवर घेऊन घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, आणि डबे दोन असतील तर दोघांचीही सोय बघा. नुसता राउटर चालू आणि फायबरचा डबा बंद, याने वाय-फाय दिसतं पण नेट नसतं, आणि घरच्यांची समजूत अशी होते की राउटर बिघडला.

उन्हाचं तर विचारूच नका. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो. पत्र्याखालच्या वरच्या खोलीत, टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर दुपारी अडकतो आणि रात्री आपोआप सुधारतो. दुपारी एक ते पाच नेट जातं, सकाळी कधीच जात नाही, अशी तक्रार आली तर सेटिंग उघडायच्या आधी डबा कुठे ठेवलाय ते विचारा. खालच्या खोलीत, भिंतीवर उभा, चारी बाजूंनी हवा लागेल असा ठेवायला सांगा.

कॅमेरे

शेतातल्या किंवा घरच्या कॅमेऱ्यांसाठी पोर्ट उघडून देतो असं बसवणारा म्हणाला तर नको म्हणा. कंपनीच्या ॲपमधून, डीव्हीआरवरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यावरचा) क्यूआर कोड स्कॅन करून दिसणारी सोय सीजीनॅटमध्येही चालते आणि राउटरला भोक पाडावं लागत नाही. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड मात्र बदला. मोबाइलवर चित्र दिसलं की पुढचं कुणी बघत नाही, म्हणून तो पासवर्ड तसाच राहतो.

घरच्यांना काय सांगून ठेवायचं

लॅपटॉपमध्ये लांबून शिरायची सोय घरात आहे, हे आईवडिलांना समजेल अशा भाषेत सांगा; लपवू नका. कारण हीच युक्ती वापरून लुबाडणारेही आहेत. बँकेतून, वीज कंपनीतून, नाहीतर 'नेट कंपनीतून' बोलतोय असं सांगून फोनमध्ये एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतात, त्यावरचा आकडा विचारून घेतात आणि खातं रिकामं करतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं. म्हणून माझं मत असं की आईवडिलांच्या मोबाइलमध्ये असं कुठलंही ॲप ठेवू नये, आपल्या सोयीसाठीसुद्धा नाही. ते फक्त त्या जुन्या लॅपटॉपवर असावं, ज्यात पैशाचं काही नाही.

नियम एकच सांगा: स्क्रीनवरचा आकडा फोनवर कुणालाही वाचून दाखवायचा नाही, आणि आपल्या पोराला तो कधी लागतच नाही. पिन तुम्हीच घातलेली आहे, तेव्हा ती विचारायला तुम्ही घरी फोन करणार नाही. "तुमचा मुलगा बोलला म्हणून फोन केला" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून आधी तुम्हाला लावायचा. हे लॅपटॉपच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा, खाली तुमचा आणि केबलवाल्याचा नंबर, आणि १ नंबर, २ नंबरच्या डब्याचं लहानसं चित्र.